वाटीत काय ओतायचं

"मावशी, वाईन तीच आहे ना? अल्टिना आत्याच्या वेळची?"

ओस्मार स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. पांढरी विजार, पांढरा सदरा, पाय अनवाणी. नोएमियानं मान वर केली नाही. तिच्या डाव्या हातात तंबाखूचा दोर होता आणि उजव्या हातात लहान सुरी. पानं पिळून जाड दोरखंडासारखा वळलेला तो काळा चिकट तंबाखू ती पातळ चकत्यांनी कापत होती. चकती पडली की तळहातावर चुरायची, नाकाशी न्यायची आणि मातीच्या भांड्यात टाकायची.

"आत्याला मी कधी वाईन दिली नाही," ती म्हणाली. "बाबांना दिली."

"तेच ते."

"तेच ते नाही. आणि तू मला हे विचारायचं नसतं."

ज्याच्या अंगात बाबा येतील असं वाटतं त्यानं बाबांच्या वस्तूंची चौकशी करू नये, हा त्या घराचा नेम होता. बाबा आले की स्वतः मागतात. पाईप मागतात, वाटी मागतात, काठी मागतात. आधी विचारून ठेवणं म्हणजे परीक्षेआधी प्रश्न बघून ठेवणं.

"चुकलं," ओस्मार म्हणाला. "तीन रात्री झोप नाही. काल तर पाठ अशी वाकली की इवोनीनं तेल लावून सरळ केली. ते येतायत, मावशी. मला कळतंय."

"येतील तर येतील."

तो तरी हलेना. फळीवर दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या, एकाच वाईनच्या, एकाच लेबलाच्या. त्याची नजर तिकडे गेली आणि तिथेच राहिली.

"फ्रीजमध्ये नको हं ठेवू," तो म्हणाला. "गार वाईनवर दोराचा तंबाखू ओढला की धूर घशात बसतो. कोमटच पाहिजे."

सुरी थांबली. नोएमियानं आता मान वर केली. बोलणं अगदी बरोबर होतं. पण हे त्याला कुणी सांगितलं होतं, बाबांनी की त्याच्या स्वतःच्या जिभेनं? चार वर्षांपूर्वीपर्यंत ओस्मार दिवसाला दीड बाटली पीत असे. एकदा रस्त्याकडेच्या गटारात सापडला, एकदा स्वतःच्याच दुकानाच्या शटरखाली. चार वर्षं झाली, त्यानं थेंब घेतला नव्हता.

"जा बाहेर," ती म्हणाली. "ढोल तापवायला घेतलेत. जुव्हेन्सियोला हात दे."

तो गेला. बाहेर अंगणात वाळक्या काटक्यांचा जाळ करून म्हातारा जुव्हेन्सियो ढोलांची कातडी शेकत होता. दुपारचे दोन वाजले होते. चुलीवर काळ्या घेवड्याचं डुकराच्या मांसातलं कालवण रटरटत होतं. तेरा मे. याच दिवशी गुलामांच्या बेड्या सुटल्या, म्हणून दरवर्षी हा दिवस बाबांचा.

सिरीनो बाबा कॉफीच्या मळ्यात गुलाम म्हणून जन्मले आणि गुलाम म्हणूनच मेले, असं ते स्वतः सांगत. साओ गोन्सालो शहरातल्या त्या चढावरच्या पत्र्याच्या घरात ते माय अल्टिनाच्या अंगात येत. आले की अल्टिनाची ताठ पाठ काठीसारखी वाकायची, डोळे मिटायचे आणि ती बुटक्या स्टुलावर बसून पाईप मागायची. मग लोक एकेक करून पुढे यायचे. कुणाचा नवरा निघून गेलेला, कुणाचं पोर तुरुंगात, कुणाला नुसतीच झोप नाही. बाबा ऐकायचे, धूर सोडायचे, जुन्या तुटक बोलीत दोन शब्द सांगायचे. ते शब्द लोकांना समजत नसत. नोएमिया समजावून सांगायची.

अंगात आलेल्याच्या हाताशी राहणाऱ्या माणसाला तिथे कांबोना म्हणतात. नोएमिया एक्केचाळीस वर्षं कांबोना होती. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचा भात शिजवायचा आणि शनिवारी दुपारी इथे यायचं. तिच्या स्वतःच्या अंगात कधी कुणी आलं नाही. कधी झुळूकसुद्धा नाही. सुरुवातीला तिला याचं वाईट वाटे. अल्टिना एकदा म्हणाली होती, "अगं, सगळेच नाचायला लागले तर दिवा कुणी धरायचा?"

तिचं काम होतं धुराला पेय जुळवणं. पाईप असो वा चिरूट, पेटवताना पहिले दोन झुरके कांबोनाच्या तोंडातून जातात, आणि वाटी देण्याआधी एक घोट चाखावा लागतो. वर्षानुवर्षं असं करत करत तिची जीभ शहाणी झाली. रानातल्या जुन्या आदिवासींचे आत्मे कुणाकुणाच्या अंगात यायचे, त्यांना बाहियाचा जाड चिरूट लागे. त्याच्याबरोबर बियर दिली की चिरूट भिजल्यासारखा मुका होतो, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं. मधात कालवलेली उसाची दारू दिली की तोच चिरूट तोंडात उलगडत जातो. बाबांचा पाईप सगळ्यात अवघड. दोराचा तंबाखू जहाल. त्याच्यावर कडू कॉफी दिली तर दोन कडू एकमेकांच्या उरावर बसतात. दूध दिलं तर राख कालवून प्याल्यासारखं होतं. त्याला दक्षिणेकडची लाल वाईनच लागे, गोडसर, जाड, शेवटी जरा तुरट. भोपळ्याच्या वाटीत, कोमट. आधी झुरका, मग घोट, मग पुन्हा झुरका. बाबांचा हा क्रम कधी मोडला नाही.

मग दहा वर्षांपूर्वी अल्टिनाचे पाय सुजले. आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, एक थेंबसुद्धा नाही.

"मी कुठं पिते, डॉक्टरीणबाई?" अल्टिना म्हणाली. "बाबा पितात."

"मग बाबांना सांगा, लिव्हर तुमचं आहे."

अल्टिना हसत घरी आली. तिचा विश्वास पक्का होता की बाबा जाताना वाईनही घेऊन जातात. आणि खरंच, चार वाट्या होऊनही उठताना तिचा झोक कधी गेला नाही. पण पाय सुजायचे राहिले नाहीत. नोएमियाच तिला मोजे चढवायची. बोट दाबलं की मांसात खळगा राही.

तेव्हा नोएमियानं आपल्या घरी, आपल्या चुलीवर, तीन आठवडे खटाटोप केला. लाल अंबाडीची वाळकी बोंडं उकळून रंग आणि आंबटपणा काढला. तो पातळ पडला. लवंग, दालचिनी घातली, तर नुसतं औषध झालं. संत्र्याची साल तव्यावर करपवून टाकली तेव्हा कुठे वाईनच्या शेवटी येतो तो तुरटपणा आला. जाडी यावी म्हणून जवस उकळून त्याचं पाणी घातलं. प्रत्येक वेळी जुळतंय का बघायला पाईप ओढावा लागे. जिभेची सालटं निघाली. खिडकीतून धूर येतो म्हणून शेजारीण ओरडली, "नोएमिया, साठीला आलीस, आता ही थेरं कसली?"

विसाव्या दिवशी जुळलं. तिनं ते वाईनच्या रिकाम्या बाटलीत भरलं, ओळखू यावं म्हणून गळ्याला पांढरा दोरा बांधला आणि शनिवारी बाबांच्या वाटीत ओतलं. थोडं चटईवर सांडलं. बाबांनी झुरका घेतला. घोट घेतला. थांबले. पुन्हा झुरका घेतला. मग वाटी पुढे केली, आणखी.

त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, पुढच्या नऊ वर्षांत नाही. खरी वाईन ती दर शनिवारी मागच्या आंब्याच्या बुंध्याशी ओतत राहिली. तिनं हे कुणाला सांगितलं नाही, अल्टिनालाही नाही. अल्टिनाच्या पायांची सूज उतरली, ती नऊ वर्षं जगली आणि गेल्या वर्षी झोपेत गेली.

बाबांना कळलं असेल तर त्यांनी आपल्याला क्षमा केली, असं नोएमिया स्वतःला सांगे. आणि कळलं नसेल तर? तर मग त्या स्टुलावर नऊ वर्षं कोण बसत होतं? या विचाराच्या उंबऱ्यापर्यंत ती जायची आणि माघारी फिरायची.

वर्षभराचं सुतक आज संपत होतं. आज बाबा कुणाच्या अंगात आले तर घर उघडं राहणार होतं. नाही आले तर जुव्हेन्सियो किल्ली घरमालकाच्या हाती देणार होता. आणि ते खरे की खोटे हे कुणी ठरवायचं? घरातली सगळी म्हणत, नोएमिया वाटी देईल तो खरा. कांबोनाचा हात चुकत नाही.

"मावशी."

आता इवोनी होती, ओस्मारची बायको. तिनं दार लावून घेतलं. तिच्या डोक्याचा पांढरा रुमाल सरकला होता.

"तू त्याला आज वाईन देणार?"

"बाबांनी मागितली तर."

"बाबा आले तर बाबा पितील," इवोनी म्हणाली. "माझा विश्वास आहे, मावशी, मी याच घरात मोठी झालेय. पण नाही आले तर ओस्मार पिईल. आणि ओस्मारला एक वाटी म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. गेल्या वेळेलासुद्धा पुतणीच्या लग्नात एक ग्लासच होता."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं. म्हणतो, बाबा सांभाळतील." ती कोरडं हसली. "गेली चार वर्षं मी सांभाळतेय. बाबा कुठं होते?"

"असं बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत. पण मला एक सांग. तो सोंग करत नाही, मावशी. ते मी बायको म्हणून सांगते. त्याची पाठ खरंच वाकते. फक्त..." तिनं फळीवरच्या बाटल्यांकडे बघितलं. "तहानेनंसुद्धा माणूस वाकतो गं."

बाहेर ढोलावर पहिली थाप पडली. इवोनीनं रुमाल नीट केला आणि गेली. नोएमिया दोन्ही बाटल्यांसमोर उभी राहिली. दोऱ्याच्या बाटलीतलं तिनं सकाळी सहा वाजता उकळलं होतं. का उकळलं, कुणासाठी उकळलं, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. हातांना सवय होती. दुसरी जुव्हेन्सियोनं काल आणलेली, खरी.

तिनं दोन्ही उचलल्या.

धुपाटणं फिरलं. पन्नासेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. पत्र्याखाली उकाडा इतका की मेणबत्त्या मधूनच वाकत होत्या. भिंतीकडेच्या बाकावर भेटीला आलेले लोक हातात नंबराचे पुठ्ठे घेऊन बसलेले. देव्हाऱ्यासमोर बुटकं स्टूल, त्याच्यासमोर चटई, आणि चटईच्या कडेला नोएमिया. पुढ्यात पाईप, काड्यापेटी, भोपळ्याची वाटी. दोन्ही बाटल्या तिच्या गुडघ्याशी, फडक्याखाली.

जुव्हेन्सियोनं बाबांचं पद धरलं. ऐंशीचा म्हातारा, पण आवाज विहिरीतून यावा तसा. पहिलं पद संपलं. काही नाही. दुसरं संपलं. ओस्मार गोलात डोळे मिटून झुलत होता. तिसऱ्या पदाच्या मध्यावर त्याचा खांदा उडाला. मग गुडघे गेले. पाठ वाकली, हळूहळू, हाडाहाडानं, आणि तो म्हाताऱ्याच्या चालीनं पाय ओढत स्टुलाकडे आला आणि बसला.

बायका रडायलाच लागल्या. कुणी तरी टाळी धरली. जुव्हेन्सियोच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ढोल सोडून ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"पाईप," जाड, खोल आवाज आला. "लेकी, पाईप."

नोएमियानं काडी ओढली. दोन झुरके घेतले. भांड्यात मिसळलेली रोजमेरीची सुगंधी पानं तंबाखूत छान मुरली होती. तिनं पाईप त्याच्या हातात दिला. त्यानं बरोबर धरला, अंगठा बुडाशी. एक झुरका घेतला. धूर वर गेला. ते आले आहेत, तिला वाटलं, देवा, ते आलेच आहेत.

"वाटी."

फडक्याखाली तिचा हात गेला. बोटांना एका गळ्याशी दोरा लागला. दुसरा गळा नितळ. मागून शंभर डोळे बघत होते आणि त्यांत दोन इवोनीचे होते, हे तिला न वळता कळत होतं. खऱ्या बाबांना वाईन नाकारली तर पाप. आणि ओस्मारला दिली तर?

तिनं दोऱ्याची बाटली काढली. ओतली. घोटभर चाखली. चव तीच होती, नऊ वर्षांची. वाटी तिनं त्याच्या हातात दिली आणि घरभर एकच उसासा उठला. नोएमियानं वाटी दिली. बाबा आले.

त्यानं पाईप मांडीवर ठेवला.

वाटी दोन्ही हातांनी धरली आणि तोंडाला लावली. एकाच दमात, घसा वरखाली होत, सगळी रिकामी केली. मध्ये झुरका नाही, श्वास नाही. पाईप मांडीवर कलंडला होता. राखेत मिसळलेला निखारा पांढऱ्या विजारीवर सांडला, तरी त्याला पत्ता नव्हता. नोएमियानं तो हातानं झटकला.

पिऊन झाल्यावर तो थांबला. पोटात काही तरी उतरायची वाट बघतो तसा. ऊब यावी, अंग सैल पडावं, याची वाट बघत. तिचं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. तिनं ते सगळं पाहिलं. बाकी घराला त्याची वाकलेली पाठच दिसत होती आणि जुव्हेन्सियो चौथं पद गात होता.

"यात काही नाही," तो पुटपुटला. आवाज अजून बाबांचाच होता, पण कडेला फाटत होता.

"नाही," ती हळूच म्हणाली.

"दुसरी दे."

फडकं सरकलं होतं. दुसरी बाटली उघडी पडली होती. त्याचे डोळे मिटलेले नव्हते.

बाबांनी मागितलेलं कांबोना नाकारत नाही. एक्केचाळीस वर्षांत तिनं नाकारलं नव्हतं. आता हो म्हटलं तर घर टिकतं आणि हा माणूस जातो. आणि तिसरी एक वाटही होती, ती तिला त्या क्षणी लख्ख दिसली. दोऱ्याच्या बाटलीतलंच पुन्हा ओतायचं. डोळ्यांनी सांगायचं, हेच मिळेल, गप्प पी. ओस्मार समजला असता. घर उघडं राहिलं असतं, ओस्मार कोरडा राहिला असता आणि शनिवारमागून शनिवार लोक येऊन रडून हलके होऊन गेले असते. कुणाचं काय बिघडलं असतं?

तिनं दोऱ्याची बाटली उचललीसुद्धा. आणि मग खाली ठेवली.

"ऐक," ती म्हणाली, इतक्या हळू की ढोलाखाली शब्द विरावा. "बाबा मागत असतील तर ती बाटली मी देते. ओस्मार मागत असेल तर देणार नाही. कोण मागतंय?"

त्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला आणि वाटीत पडला. पद चालू होतं. त्याचे दोन्ही हात वाटीवर असे आवळले होते की भोपळ्याची कड करकरली.

"मावशी, खरंच आले होते," तो कुजबुजला. "दारापर्यंत. खरंच."

"असतील."

"मग कुठं गेले?"

"मला नाही माहीत. कोण मागतंय, बाळा?"

पदाचं एक कडवं गेलं. दुसरं गेलं.

"ओस्मार," तो म्हणाला.

मग तो उठला. पाठ सरळ करताना त्याला खरोखरीच कष्ट पडत होते, त्यात सोंग नव्हतं. ढोल अडखळला आणि थांबला. त्यानं वाटी पालथी करून चटईवर ठेवली, घराकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "बाबा आलेले नाहीत. मी होतो. माफ करा मला."

मग बायकांतली एक जण किंचाळली, "पण नोएमियानं वाटी दिली!"

"तिनं चूक केली नाही. चूक माझी."

एवढं बोलून तो गर्दीतून वाट काढत निघाला. लोक बाजूला झाले, पण कुणी त्याला हात लावला नाही. इवोनी आधीच दाराशी पोचली होती. तिनं त्याच्या चपला उचलल्या, त्याच्या पायांशी ठेवल्या आणि तो चढवेपर्यंत त्याचा दंड धरून उभी राहिली. दोघं चढ उतरून गेली.

जुव्हेन्सियो ढोल सोडून आला. चालताना गुडघे कुरकुरत होते. त्यानं वाटी उचलली, नाकाशी नेली, तळाशी राहिलेला थेंब बोटावर घेऊन चाखला.

"हे काय दिलंस त्याला?"

"जे नऊ वर्षं दिलं ते."

"कुणाला नऊ वर्षं?"

"बाबांना."

म्हाताऱ्याचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. जवळच्यांनी ऐकलं आणि ते मागच्यांनी विचारलं, आणि शब्द भिंतीपर्यंत जाऊन परत आला. कुणी म्हणालं पाप. कुणी म्हणालं, म्हणून तर अल्टिना जगली. कुणी म्हणालं, म्हणूनच गेली.

"अल्टिनाला माहीत होतं?" जुव्हेन्सियोनं विचारलं.

"मी कधी सांगितलं नाही. तिनं कधी विचारलं नाही."

"आणि बाबांना?" त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "नोएमिया, खरं सांग. मी साठ वर्षं त्यांच्यासाठी वाजवलंय. बाबांना?"

तिला आता माघारी फिरायला जागा नव्हती. ती त्या उंबऱ्यावर उभी होती आणि पलीकडे नुसता अंधार होता.

"बाबांनी वाटी कधी परत केली नाही," ती म्हणाली. "मला एवढंच माहीत आहे, जुव्हेन्सियो. जास्त माहीत असतं तर तुला सांगितलं असतं."

तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो वळला, ढोलांपाशी गेला आणि एकेका ढोलावर पांढरं फडकं घालू लागला. कोपरे नीट ओढून, गाठ मारून. पोरीबाळींनी मेणबत्त्या विझवायला घेतल्या. कुणी तरी आत जाऊन कालवणाखालचा जाळ काढला. लोक जेवायला थांबावं की जावं या घोळात दाराशी दाटले आणि मग एकेक करून निघाले.

नोएमिया चटईवरच होती. तिनं खरी बाटली उचलली, बूच बघितलं, कोरं होतं. पाईपमधली राख तिनं तळहातावर पाडली.

"बाई."

भिंतीकडेच्या बाकावर एक बाई अजून बसून होती. पन्नाशीची, दवाखान्यातल्या सफाईवालीचा निळा डगला घातलेली, हातात एक नंबरचा पुठ्ठा.

"आज भेट नाही," नोएमिया म्हणाली. "तुम्ही ऐकलंत ना सगळं."

"ऐकलं."

"बाबा नाहीत."

"ते कळलं मला. पण मी दोन बस बदलून आलेय. कामाची पाळी बदलून घेतली." बाईनं पुठ्ठा उलटसुलट केला. "माझी मुलगी महिना झाला बोलत नाही. जेवते, कामाला जाते, पण बोलत नाही. मी हे कुणाला सांगू आता?"

नोएमियानं स्टुलाकडे बघितलं. मग बाईकडे. ती स्टुलावर बसली नाही. चटईवरच जरा सरकली आणि शेजारची जागा हातानं पुसली.

"मला उत्तर नाही देता येणार," ती म्हणाली.

"नका देऊ."

बाई येऊन तिच्या डाव्या अंगाला बसली आणि तोंड उघडलं.

"तिकडून नको," नोएमिया म्हणाली. "या कानानं मला कमी ऐकू येतं. इकडून या."

बाई उठली, वळसा घालून उजवीकडे आली, पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि बोलू लागली.